रक्तातील तराजू

‘अ‍ॅसिडिटी’ हा शब्द आज आपल्या घराघरांत रुळला आहे. छातीत जळजळ झाली, आंबट ढेकर आली, की आपण अ‍ॅसिडिटी झाली असे म्हणतो. आपले वैद्य तिलाच आम्लपित्त म्हणत आले. परंतु ज्या आम्लतेविषयी येथे बोलावयाचे आहे ती पोटातील नव्हे. जठरात आम्ल असावे ही निसर्गाचीच योजना आहे आणि ते थोडे कमीजास्त झाल्याने माणूस बेचैन होतो, मरत नाही. रक्तातील आम्लाची गोष्ट निराळी आहे. तेथे गुंजभर फरकही जीवावर बेततो.

रसायनशास्त्रज्ञ आम्लता ‘पीएच’ या आकड्याने मोजतात. ७ हा मध्यबिंदू. त्याच्या खाली आम्ल आणि वर क्षार. या मोजपट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे दहा पटींचा फरक, हे ध्यानात ठेवले पाहिजे. निरोगी माणसाच्या रोहिणीतील रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ यांच्या दरम्यान असतो, म्हणजे रक्त किंचित क्षारधर्मी असते. तो ६.८ च्या खाली किंवा ७.८ च्या वर गेला, तर सहसा जीवन टिकत नाही. आपल्या रक्तात सोडियमच्या सुमारे ३५ लाख कणांमागे आम्लाचा मोकळा कण एक असतो. एवढ्या बारीक गोष्टीवर शरीराचा डोळा रात्रंदिवस असतो. कारण स्नायू, मेंदू आणि हृदय यांचे काम ज्या प्रथिनांवर चालते, त्यांचे गुण आम्लतेच्या अल्पशा फरकानेही बदलतात.

यातील विलक्षण गोष्ट अशी की, आम्ल हे बाहेरून येणारे संकट नसून जगण्याच्या क्रियेतूनच ते निर्माण होते. चुलीत लाकूड जळले की धूर होतो आणि राख उरते. शरीरात अन्न जळते तेव्हाही तसेच घडते. धूर म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांतील कर्बाम्लवायू. तो स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातही दिवसाला तीनशे लिटरच्या आसपास तयार होतो आणि पाण्यात मिसळला की आम्ल बनतो. राख म्हणजे प्रथिनांतील गंधकासारख्या द्रव्यांपासून होणारी आम्ले. ती थोडी असतात, पण श्वासावाटे उडून जाऊ शकत नाहीत. धूर आणि राख यांचा रोजच्या रोज निचरा होतो म्हणून आपण जगतो.

हा निचरा कसा होतो हे कळावयास माणसाला शंभरांहून अधिक वर्षे लागली. पण मला त्याहूनही महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. जे कळले ते रोग्याच्या खाटेपर्यंत पोहोचावयास कित्येकदा तितकाच काळ लागला, आणि त्या मधल्या काळात जी माणसे मेली ती अज्ञानाने नव्हे, तर असलेले ज्ञान वापरात न आल्याने मेली.

या इतिहासाचा आरंभ पटकीपासून होतो. १८१७ साली बंगालमध्ये पटकीचा मोठा उद्रेक झाला आणि पुढच्याच वर्षी ती दख्खनेत आणि मुंबईत येऊन थडकली. आपल्या गावांतून मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडण्याची चाल होती, ती याच रोगाच्या भयाने. पुढे हीच पटकी देशोदेशी फिरत १८३१ च्या हिवाळ्याच्या तोंडी इंग्लंडच्या संडरलँड बंदरात उतरली. तेथील डॉक्टरांपाशीही मरीआईच्या गाड्याहून फारसे बरे असे काही नव्हते. रोग्याच्या अंगचे पाणी झाडावाटे वाहून जात असताना ते त्याचे रक्त काढीत, त्याला जुलाबाचे औषध देत आणि वर अफू पाजीत.

त्या वेळी विल्यम ब्रूक ओशॉनेसी नावाचा आयर्लंडचा एक तरुण डॉक्टर संडरलँडला गेला. नुकताच एडिंबरोहून वैद्यकीची पदवी घेतलेल्या या तरुणाचे वय विशीच्या थोडे पुढे होते. त्याने उपचारांच्या वादात न पडता रोग्यांचे रक्त तपासले. त्याला आढळले ते असे : रक्तातील पाण्याचा मोठा भाग नाहीसा झाला आहे, लवणे कमी झाली आहेत, आणि निरोगी रक्तात जो मोकळा क्षार असतो त्याचा काही रोग्यांत मागमूसही उरलेला नाही. रक्तातून गेलेला हा क्षार त्याला रोग्यांच्या तांदळाच्या पेजेसारख्या झाडात सापडला. हे निष्कर्ष १८३१ च्या अखेरीस ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. जे शरीरातून गेले ते शरीरात परत घालावे, हा त्यातून निघणारा उपाय उघड होता.

तो उपाय करून पाहण्याचे धाडस केले एडिंबरोशेजारच्या लीथ गावच्या डॉ. थॉमस लाटा याने. १८३२ च्या मे महिन्यात त्याने पाण्यात मीठ आणि थोडा सोडा विरघळवून ते द्रावण पटकीच्या रोग्यांच्या शिरेतून देण्यास प्रारंभ केला. त्याची पहिली रोगी एक वृद्ध स्त्री होती. तिची नाडी लागत नव्हती. सहा पाइंट, म्हणजे सुमारे साडेतीन लिटर द्रावण तिच्या अंगात गेले तेव्हा खोल गेलेले डोळे उजळले, नाडी परतली, तिला बोलता येऊ लागले. लाटाने तिला रुग्णालयातील डॉक्टराच्या स्वाधीन केले आणि तो थकून घरी गेला. थोड्याच वेळात पुन्हा झाडे व वांत्या सुरू झाल्या. द्रावण पुन्हा कोणी दिले नाही. साडेपाच तासांत ती स्त्री मरण पावली. उपाय पुन्हा केला असता तर ती वाचली असती, असे लाटाचे मत होते, आणि आजच्या ज्ञानाने पाहता त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे.

पण उपाय पुन्हा करावा लागतो हेच त्या काळच्या वैद्यकाला पटले नाही. द्रावण शुद्ध नसे, त्यातून रक्तदोष होत. शिवाय अगदी शेवटच्या घटकेला पोचलेल्या रोग्यांनाच ते दिले जाई आणि ते मेले की दोष उपायाकडे जाई. लाटा १८३३ साली वारला. ओशॉनेसी त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शिरून कलकत्त्यास आला, तेथील मेडिकल कॉलेजात रसायनाचा अध्यापक झाला आणि पुढे कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास जोडणाऱ्या तारायंत्राचा जनक म्हणून ख्याती पावला. हिंदुस्थानच्या इतिहासात त्याचे नाव तारखात्याशी जोडलेले राहिले. पटकीच्या रक्तातील हरवलेला क्षार मात्र पुढची सत्तरांहून अधिक वर्षे बहुतेक विस्मृतीतच पडून राहिला.

मधल्या काळात प्रयोगशाळांतून निराळ्या वाटेने त्याच सत्याकडे वाटचाल चालू होती. १८७४ साली जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाऊल याने मधुमेहाच्या बेशुद्धीत दिसणाऱ्या एका विशिष्ट श्वासाचे वर्णन केले. अशा रोग्याच्या घशात किंवा छातीत कोठेही अडथळा नसतो, हवा आत-बाहेर मोकळेपणी जात असते, आणि तरीही तो खोल व मोठे श्वास असे घेत राहतो की जणू त्याला हवा पुरतच नाही. हे कशासाठी, याचा उलगडा नंतर झाला. १८७७ साली फ्रीड्रिख वाल्टर याने सशांना आम्ल पाजले, तेव्हा त्यांचाही श्वास जलद झाला आणि त्यांच्या रक्तात बांधून ठेवलेला कर्बवायू घटला. मरणाच्या दारातील सशांच्या शिरेत सोडा घातला तर त्यांतील काही उठून बसत. पुढे मधुमेहाच्या रोग्यांच्या मूत्रात एक आम्ल मोठ्या प्रमाणात सापडले, आणि बर्नहार्ड नाउनिन व त्याचे सहकारी यांनी असे दाखविले की, ही बेशुद्धी म्हणजे रक्तात आम्ल माजल्याचा परिणाम होय. तेव्हा कुसमाऊलने पाहिलेला तो मोठा श्वास रोग नव्हता. रक्तात राख साचू लागली म्हणून शरीराने धुराडे पूर्ण उघडले होते. एक आम्ल बाहेर टाकता येत नाही, तर निदान दुसरे तरी लवकर टाकावे, असा तो प्रयत्न होता.

नाउनिनने या रोग्यांना सोडा दिला. काहींना घटकाभर हुशारी येई, पण बहुतेक पुन्हा बेशुद्ध होऊन मरत. कारण आम्ल तयार होण्याची भट्टी चालूच असे. ती भट्टी विझविणारे इन्सुलिन १९२२ साली हाती आले तेव्हाच हे रोगी वाचू लागले. रक्तातील आकडा दुरुस्त करणे म्हणजे रोग बरा करणे नव्हे, हा धडा येथे शिकावयास मिळाला. आजही डॉक्टर रक्तातील आम्ल पाहिल्याबरोबर सोडा देत नाहीत. ते आम्ल कोठून येते हे प्रथम शोधतात.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत या सर्व सुट्या माहितीला एक सूत्र लाभले. १९०५ मध्ये इंग्लंडात हॉल्डेन व प्रीस्टली यांनी दाखविले की, आपल्या नेहमीच्या श्वासाचा वेग मुख्यतः कर्बवायूवर ठरतो. तो फुफ्फुसांत किंचित वाढला की श्वास आपोआप वाढतो. १९०८ मध्ये हार्वर्डच्या लॉरेन्स हेंडरसनने रक्तातील सोडा आणि कर्बाम्ल यांच्या जोडीचे गणित मांडले. १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेनने पीएचची मोजपट्टी दिली. आणि त्याच शहरातील हासेलबाल्खने १९१६ च्या सुमारास हेंडरसनचे गणित त्या मोजपट्टीवर बसविले.

हे गणित तराजूच्या दृष्टांताने समजेल. तराजूच्या एका पारड्यात सोडा आहे, दुसऱ्यात कर्बाम्ल. दोहोंचे प्रमाण वीसास एक असे असले की पीएच ७.४ राहतो. रक्तात परके आम्ल आले की सोडा त्याला गाठून निष्प्रभ करतो आणि त्यातून कर्बवायू होतो; तो फुफ्फुसांवाटे निघून जातो. येणारा धक्का असा झेलणाऱ्या जोडीला शास्त्रज्ञ बफर म्हणतात. कर्बाम्लाचे पारडे फुफ्फुसांच्या हाती आहे. ती मिनिटांत त्यातले वजन कमीजास्त करतात. सोड्याचे पारडे मूत्रपिंडांच्या हाती आहे. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि त्यातला जवळजवळ सर्व सोडा परत घेतात. शिवाय राखेतील आम्ल अमोनियाच्या साहाय्याने मूत्रात टाकून खर्ची पडलेल्या सोड्याची भरही करतात. त्यांचे काम सावकाश, तासांचे नव्हे तर दिवसांचे असते, पण ते पक्के असते. हल्ली क्षारयुक्त पाणी पिऊन रक्त शुद्ध करण्याची जी टूम निघाली आहे, तिच्यातील पोकळपणा यावरून ध्यानात येईल. निरोगी माणूस काहीही प्याला तरी जास्तीचा क्षार मूत्रपिंडे बाहेर टाकतात. तराजू जागचा हलत नाही.

तो हलतो तेव्हा बिघाडाचे चार प्रकार संभवतात. अतिसारात सोडा निघून गेला, मधुमेहात आम्ल माजले किंवा मूत्रपिंडे निकामी झाली, तर सोड्याचे पारडे हलके होते. सारख्या वांत्या होऊन जठरातील आम्ल गेले तर तेच पारडे जड होते. श्वास मंदावला तर कर्बाम्ल साठते. भीतीने माणूस भराभर श्वास घेऊ लागला तर ते अवाजवी घटते आणि बोटांना मुंग्या येतात. या प्रत्येक प्रसंगी एका पारड्यात बिघाड झाला की शरीर दुसऱ्या पारड्यात तशीच भर किंवा तूट करून काटा मध्ये आणू पाहते. ही गोष्ट विसरल्यामुळे पुढे काय घडले ते आता सांगतो.

त्याआधी पटकीचे काय झाले ते सांगितले पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यात लेनर्ड रॉजर्स याने शिरेतून तीव्र मिठाचे द्रावण देण्याची पद्धत नव्याने उभी केली आणि त्याच्या रुग्णालयातील पटकीचे मृत्यू शेकडा साठाच्या आसपास होते ते तिसाच्या आसपास आले. पण काही रोगी पटकीतून वाचून मूत्र बंद पडल्याने मरत. १९१० च्या सुमारास मनिला येथे सेलार्ड्सने दाखविले की, या रोग्यांच्या अंगातील क्षाराचा साठा आटलेला असतो आणि द्रावणात सोडा घातला तर फायदा होतो. रॉजर्सनेही पुढे सोडा वापरला. ओशॉनेसीने १८३१ साली जे लिहिले होते तेच हे होते.

आता १९५२ च्या कोपनहेगनकडे वळू. त्या वर्षी तेथे पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडाम रुग्णालयात रोज डझनांनी रोगी येऊ लागले आणि त्यांत मुले पुष्कळ होती. कित्येकांचे श्वासाचे व गिळण्याचे स्नायू लुळे पडलेले असत. रुग्णालयात मोठे श्वसनयंत्र एक आणि छातीवर बसविण्याची लहान यंत्रे सहा होती. पहिल्या काही आठवड्यांत अशा ३१ रोग्यांना यंत्रांचा उपचार झाला. त्यांतील २७ मेले. प्रमुख डॉक्टर लासेन हताश झाले होते.

या रोग्यांच्या रक्तात बांधलेल्या कर्बवायूचे, म्हणजे मुख्यतः सोड्याचे प्रमाण पुष्कळ वाढलेले आढळे. त्यावरून डॉक्टरांचा समज असा झाला की, रक्तात काही अज्ञात कारणाने क्षार वाढला आहे. २५ ऑगस्ट १९५२ रोजी लासेनने ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञास सल्ल्यासाठी बोलावले. भूल देणारा डॉक्टर शस्त्रक्रियेच्या मेजाशी बसून रोग्याचा श्वास आपल्या हाताने चालवीत असतो, तेव्हा श्वास अपुरा पडला की काय होते हे त्याला ठाऊक असते. घाम येणे आणि रक्तदाब चढणे ही लक्षणे इब्सेनच्या ओळखीची होती. त्याने सांगितले की, ही क्षाराची वाढ नाही. मुले कर्बवायू बाहेर टाकू शकत नाहीत म्हणून मरत आहेत. कर्बाम्लाचे पारडे जड झाले होते, आणि मूत्रपिंडांनी काटा सावरण्यासाठी दुसऱ्या पारड्यात सोडा ओतला होता. शरीराच्या त्या संरक्षणालाच डॉक्टर रोग समजत होते. एकच पारडे पाहून त्यांनी तराजूचा निर्णय केला होता.

दोन दिवसांनी एका बारा वर्षांच्या मुलीवर परीक्षा झाली. तिचे चारही हातपाय लुळे पडले होते आणि ती शेवटचे आचके देत होती. तिच्या श्वासनलिकेस छेद देऊन नळी बसविली गेली. ती धडपडू लागली, हवा आत जाईना. पाहणाऱ्यांपैकी काहींनी आशा सोडली. इब्सेनने तिला औषधाने शांत केले आणि रबराची पिशवी हाताने दाबून तिच्या फुफ्फुसांत हवा भरण्यास सुरुवात केली. कर्बवायू उतरला, घाम थांबला, रक्तदाब ठिकाणावर आला. तिला पुन्हा छातीच्या यंत्रावर ठेवून पाहिले तो सर्व लक्षणे परतली. पिशवी हाती घेताच पुन्हा गेली. ती मुलगी त्या साथीतून वाचली. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख पॉल आस्ट्रुप यांनी रोग्यांच्या रक्ताचा पीएच मोजला, तो कमी भरला. म्हणजे रक्त क्षारी नव्हते, आम्ल होते. पुढे आस्ट्रुप यांनी रक्ताच्या थोड्याशा नमुन्यावरून हा सर्व हिशेब करण्याची पद्धत बसविली.

मग जे घडले ते वैद्यकाच्या इतिहासात अपूर्व आहे. पिशवी दाबावयाला यंत्रे नव्हती, माणसे होती. वैद्यकीचे आणि दंतवैद्यकीचे सुमारे १५०० विद्यार्थी पाळीपाळीने पुढे आले. एकेका वेळी सत्तरपर्यंत रोग्यांचा श्वास हातांनी चालू होता. त्या हिवाळ्यापर्यंत त्यांनी एकूण १,६५,००० तास पिशव्या दाबल्या. शेकडा सत्त्याऐंशी मरणारे रोगी आता शेकडा चाळीसच्या आसपास आणि नंतर त्याहूनही कमी मरू लागले. त्या अनुभवातून इब्सेनने १९५३ च्या अखेरीस कोपनहेगनमध्ये गंभीर रोग्यांचा जो स्वतंत्र कक्ष उघडला, तो आजच्या ‘आयसीयू’च्या पूर्वजांत अग्रगण्य होय. २०२१ साली आपल्यापैकी अनेकांनी बोटाला ऑक्सिमीटर लावून धास्तीने आकडे वाचले आहेत. त्या यंत्राला प्राणवायू दिसतो, कर्बवायू दिसत नाही. म्हणूनच दवाखान्यात मनगटाच्या रोहिणीतून रक्त घेऊन दोन्ही पारडी पाहतात.

एक गोष्ट येथे मनाला लावून घेण्यासारखी आहे. सोरेनसेनची मोजपट्टी आणि हासेलबाल्खचे गणित याच कोपनहेगन शहरात जन्मले होते. १९५२ साली त्यांना चाळीसेक वर्षे झाली होती. विद्यार्थी ते पाठ करून परीक्षा देत. ज्ञान आणि मरणारी मुले यांच्यामध्ये काही गल्ल्यांचे अंतर होते. ते ओलांडले ते तराजूचे गणित नव्याने मांडणाऱ्याने नव्हे, तर रोग्याचा घाम आणि त्याच्या रक्ताचा आकडा एकत्र वाचणाऱ्याने.

या कथेचा शेवटचा अंक पुन्हा बंगालमध्येच झाला. आतड्यात साखर असली की मीठ आणि पाणी रक्तात शोषले जाते, हे १९६० च्या दशकात सिद्ध झाले होते. पण तोंडाने दिलेल्या पाण्यावर कॉलऱ्याचा रोगी जगेल, यावर बहुतेक डॉक्टरांचा विश्वास नव्हता. १९७१ साली बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले आणि सरहद्दीवरील बनगाव येथे कॉलरा भडकला. शिरेतून देण्याचे द्रावण संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण करून पाण्यातून पाजावयाला दिले. ते पाजण्याचे काम रोग्यांच्या आप्तांनीच केले. तेथील मृत्यूंचे प्रमाण शेकडा तीसवरून चाराच्या खाली आले. पुढे सोड्याच्या जागी टिकाऊ असे सायट्रेट आले. ते शरीरात गेल्यावर सोड्याचेच काम करते. औषधाच्या दुकानात मिळणारी ‘ओआरएस’ची पुडी ती हीच. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

लाटाच्या द्रावणात मीठ आणि सोडा होता. बनगावच्या द्रावणात मीठ, सोडा आणि थोडी साखर होती. दोहोंमध्ये १३९ वर्षे गेली. पटकीने त्या काळात किती घरे उठविली याची मोजदाद कोणी करू शकणार नाही. शास्त्राच्या इतिहासाकडे आपण शोधांच्या तारखांची माळ म्हणून पाहतो, आणि शोध लागला की काम झाले असे मानतो. वस्तुतः शोध लागल्याच्या दिवशी निम्मेच काम होते. उरलेले निम्मे कोणी एक दमलेला डॉक्टर, पिशवी दाबणारा विद्यार्थी, किंवा आजारी लेकराला वाटी-वाटीने पाणी पाजणारी आई पुरे करते. त्या पुडीचा उपयोग घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असणे, हा या इतिहासाचा तुमच्या-माझ्याकडे आलेला वाटा आहे.